सरकायचं कुणी

दैवशाला नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या गोडाऊनमध्ये बी निवडायला जायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण त्यातला एक शब्द लहानपणापासून बराबर कळत होता. अ‍ॅडजस्ट. ऑटोत तिघींच्या जागी पाचजणी कोंबताना ड्रायव्हर तो म्हणायचा. लग्न ठरवताना मामा म्हणाले, नंतर सासू रोजच म्हणू लागली. म्हणणारं कुणीही असो, सरकायचं दैवशालानंच.

गोडाऊनात बावीस बाया. बायकांच्या संडासात सुपरवायझर राधेश्यामनं पोती रचून कुलूप ठोकलं होतं. विचारलं की म्हणायचा, "सीझन आहे. थोडं अ‍ॅडजस्ट करा." मग बाया दिवसभर पाणीच पीत नसत.

त्या दुपारी साठीच्या गिरिजाबाई पोट धरून खाली बसल्या.

"कधीपासून दुखून राह्यलं, मावशी?" दैवशालानं विचारलं.

"चार दिवस झाले. लघवीला लई आग होती. सांगू कुणाला?"

दैवशालानं त्यांना दंडाला धरून उठवलं आणि सरळ ऑफिसात नेलं. साहेबांच्या संडासात त्यांना आत सोडून ती दारात उभी राहिली. मागोमाग बाकीच्याही आल्या. राधेश्याम धावत आला.

"ए, हे स्टाफचं आहे! निघा इथून!"

"मावशी आत हायेत. वरडू नका."

"अगं, महिन्याचा तर प्रश्न आहे, अ‍ॅडजस्ट..."

"मशीनमधून दाणा नीट पडंना, तर तुमी मिस्त्री बोलावता. मशीन अ‍ॅडजस्ट करता. दाण्याला म्हणता का, तू अ‍ॅडजस्ट हो?"

आवाज ऐकून मॅनेजर केबिनबाहेर आले. "नाव काय तुझं?"

उद्या हजेरीतून नाव कापलं तर? तरी ती बोलली, "दैवशाला पुंजाराम खरात. लिहून घ्या. पोती निघस्तोवर आमी हितंच येणार."

"माझं बी लिहा," मागून द्वारकाबाई म्हणाली. "द्वारकाबाई साहेबराव."

तिसरीनं नाव सांगितलं, चौथीनं सांगितलं. मॅनेजरनी पेन काढलंच नाही. ते राधेश्यामकडे वळून म्हणाले, "आधी ती पोती काढ."

संध्याकाळच्या आत पोती निघाली. द्वारकाबाईनं गिरिजाबाईंना सरकारी दवाखान्यात नेलं. आठ दिवसांनी त्या परत कामावर आल्या.

राधेश्यामनं मात्र डूख धरला. पोती निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं दैवशालाला औषध लावलेल्या बियांच्या खोलीत पाठवलं. तिथं औषधाची विषारी भुकटी नाकातोंडात जाते. ती उंबऱ्यावरच थांबली.

"मास्क आन् हातमोजे द्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

ते मिळेपर्यंत तिनं आत पाऊल टाकलं नाही.