शेजारची सीट

मार्लिस उरलेल्या हॉटडिशचं, म्हणजे वर बटाटे पसरून भट्टीत भाजलेल्या खिम्याचं, भांडं घेऊन लाइलच्या ट्रेलरच्या दारात उभी होती आणि एल्डन त्वेत आपल्या पिकअपच्या आरशातून ते बघत होता. निघायच्या दिवशी फ्रीज रिकामा करावा लागतो, उरलंसुरलं कुणाला तरी देऊन टाकावं लागतं, हे त्यालाही कळत होतं. पण ट्रेलरवाल्यांच्या त्या कॅम्पात एवढी माणसं असताना भांडं गेलं ते लाइल केटरलिंगकडेच, आणि त्यात बटाट्याची कुरकुरीत कड तशीच्या तशी होती. लग्न झाल्यापासून ती कड एल्डनच्या ताटात पडत आली होती.

नॉर्थ डकोटात बर्फ पडायला लागलं की एल्डन आणि मार्लिस ट्रेलर जोडून ॲरिझोनाच्या उन्हात येत आणि एप्रिलच्या शेवटी ते ऊन सोसेनासं झालं की परत घरची वाट धरत. लाइल त्यांच्याच गावचा, बियाण्यांचा व्यापारी. तो आणि त्याची बायको डोरीनही दर वर्षी सोबत असत. गेल्या शरद ऋतूत डोरीन वारली. सगळ्यांना वाटलं, यंदा लाइल काही यायचा नाही. तो आला, आणि आला तो कोरी करकरीत पिकअप घेऊन. काळीभोर, मागे त्याचा ट्रेलर असतानाही चढावर कुजबुजल्यासारखी चालणारी, सीटमधून गार हवा सोडणारी. एल्डन म्हणाला, दुखवट्याचा हा नवाच प्रकार दिसतोय. मार्लिसने त्याच्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य त्याने गिळलं.

तरुणपणी एल्डनला मत्सर कधी शिवला नव्हता. मार्लिस नाचात कुणाबरोबरही नाचली तरी तो भिंतीला टेकून खुशाल शेंगा खात बसायचा. आणि आता सत्तरी ओलांडल्यावर, गुडघे बोलायला लागल्यावर, ही नसती व्याधी जडली होती. हिवाळाभर मार्लिसने लाइलसाठी जास्तीचं रांधलं, त्याच्या शर्टांची तुटलेली बटणं शिवून दिली, पत्त्यांच्या डावात त्याला जोडीदार म्हणून घेतलं. कुणी विचारलं असतं तर एल्डन म्हणाला असता, बिचारा एकटा आहे. आतून त्याचा तिळपापड होत होता.

आणि आज सकाळी लाइलने कॉफी पिता पिता, एल्डनच्या देखतच, मार्लिसला विचारलं होतं की घाट चढेपर्यंत तू माझ्या गाडीत का बसत नाहीस? हवा गार आहे, तुझ्या पाठीलाही बरं. मार्लिस म्हणाली, "बघू." नाही म्हणाली नव्हती. "बघू" म्हणाली होती.

त्या घाटाचं दुखणं एल्डनच्या पिकअपला जुनंच होतं. गाडी इमानी, पण तिशीला आलेली. मागे ओढायचा ट्रेलर म्हणजे चाकांवरचं अख्खं घर. तो मागच्या हुकाला लटकत नाही, पिकअपच्या हौद्यात मान टाकून बसतो, आणि त्याचं ओझं थेट गाडीच्या कमरेवर येतं. खालचं सपाट खोरं सोडून उत्तरेचा घाट लागला की इंजिन तापायला लागे. मग एकच उपाय. गार हवा बंद करायची, खिडक्या उघडायच्या आणि भर उन्हात हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता माणसांच्या अंगावर येते आणि इंजिन वाचतं. एल्डनची नजर रस्त्यावर, आणि मार्लिसची तापमानाच्या काट्यावर. मानेभोवती ओलं फडकं गुंडाळून ती काटा सांगत राही. "अर्ध्यावर... अर्ध्याच्या जरा वर... तिथंच आहे... पाय काढ, एल्डन." अशी ती दोघं कितीतरी घाट चढली होती. एल्डनच्या मते संसार म्हणजे तरी दुसरं काय असतं?

आता तो ट्रेलर जोडायला बसला होता आणि मार्लिस लाइलच्या दारातून हलत नव्हती. हे काम दोघांचं. एल्डनने पिकअप मागे घ्यायची, मार्लिसने बाजूला उभं राहून हाताने खुणा करायच्या, मग वाकून टॉर्चने बघायचं की हौद्यातला लोखंडी जबडा ट्रेलरच्या पिनभोवती मिटला की नाही. मिटला की तिने पत्र्यावर दोन थापा मारायच्या. त्यानंतर ट्रेलरचे पुढचे लोखंडी टेकू-पाय जमिनीवर असतानाच एल्डन गाडीला पुढे एक हलका हिसका देई. जोड सुटली नाही म्हणजे बसली. मगच पाय वर घ्यायचे.

लाइल काहीतरी बोलला आणि मार्लिस हसली. तोंडावर हात घेऊन, मान खाली घालून.

एल्डनने पिकअप मागे घेतली. खट् असा आवाज आला. त्याच्या मनाने घेतलं की जबडा मिटला. त्याने मार्लिसला हाक मारली नाही, आपल्यावाचून अडतं असं तिला वाटायला नको होतं. स्वतः वाकून बघायला गुडघे तयार नव्हते. हिसकाही दिला नाही. तरातरा जाऊन ट्रेलरचे पाय वर घेतले, पुन्हा गाडीत येऊन बसला आणि बायकोला ऐकू जाईल एवढ्या जोरात इंजिन गरजवत गाडी पुढे काढली.

पिन जबड्यातून अलगद निसटली आणि चाकांवरचं घर हौद्याच्या दोन्ही कडांवर आदळलं. पत्रा असा किंचाळला की कॅम्पातल्या सगळ्या दारांतून माणसं बाहेर आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ट्रेलरवाल्यांच्या जगात यासारखी नामुष्की नाही. प्रत्येकाने कधी ना कधी दुसऱ्याचा ट्रेलर पडलेला बघितलेला असतो आणि प्रत्येकाकडे सल्ला तयार असतो. हातात कॉफीचे मग घेऊन गर्दी जमली. हिसका दिला नव्हतास का, असं तीन जणांनी तीन परींनी विचारलं. एल्डनने मान हलवली, त्याचा अर्थ ज्याने त्याने हवा तसा घ्यावा.

लाइल मात्र काही विचारत बसला नाही. त्याने आपल्या गाडीतून लाकडी ठोकळे आणले, ट्रेलरच्या पायांखाली रचले, पाय खाली सोडून ट्रेलर हळूहळू उचलला, आणि एल्डनला म्हणाला, "गाडी घे मागे. सावकाश. माझ्याही हातून पडलाय एकदा, डोरीनने आठवडाभर चिडवलं होतं." त्याने टोमणा मारला असता तर एल्डनला परवडलं असतं. हा चांगुलपणा जखमेवर मीठ चोळल्यासारखा झोंबला.

मार्लिसने खुणा केल्या, वाकून बघितलं, दोन थापा मारल्या. एल्डनने हिसका दिला. जोड बसली. पिकअपच्या दोन्ही कडा मात्र चेपल्या होत्या.

"मला बोलवायचं होतंस," मार्लिस म्हणाली.

"तू कामात होतीस."

"मी भांडं द्यायला गेले होते."

"चांगलं हसतखेळत दिलंस."

मार्लिसने हातातला टॉर्च बंद केला. मग शांतपणे म्हणाली, "घाट संपेपर्यंत मी लाइलबरोबर जाते. असं तोंड घेऊन तू चालवणार आणि मी शेजारी बसून भाजून निघणार, ते आज नको मला." आणि ती गेली. त्या उंच गाडीत ती चढत असताना लाइलने तिच्या कोपराला आधार दिला, हेही एल्डनने बघितलं. न बघण्याजोगं सगळं त्या दिवशी त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं.

घाटाच्या पायथ्याशी लाइलने डावी लेन धरली, एल्डनच्या बाजूने पुढे निघाला आणि दोन वळणांत दिसेनासा झाला. जाताना बंद काचेमागे, गार हवेत, मार्लिसचा चेहरा होता, एवढंच एल्डनला दिसलं.

त्याने हीटर सोडला. पायांवर भट्टी उघडल्यासारखी हवा आली. उजव्या लेनमध्ये, मालवाहू ट्रकांच्या मागे, पिकअप कण्हत चढू लागली. काटा बघायचा तर रस्त्यावरची नजर काढावी लागे आणि रस्ता बघायचा तर काटा कुठे गेला ते कळेना. शेजारच्या सीटवर मार्लिसची उशी, चष्म्याची डबी, विणकामाची पिशवी आणि फडक्याचा डबा होता. ती सोडून तिचं सगळं सामान त्याच्यासोबत प्रवास करत होतं. आता ते दोघं काय बोलत असतील? लाइलला बोलता येतं. एल्डनने जन्मभर कौंटीच्या रस्त्यांवर खडी सपाट करायचं यंत्र चालवलं, त्यात बोलण्याचं काम नसतं. लाइल विनोद सांगत असेल, ती तोंडावर हात घेऊन हसत असेल. मग त्याच्या मनात आलं की आपण मेलो तर ही लाइलशी लग्न करील. गावात कुणाला नवल वाटणार नाही. उलट सगळे म्हणतील, बरं झालं बाई. या विचारात तो असा गुंतला की काटा लाल पट्ट्याच्या उंबरठ्याला टेकलेला त्याला उशिरा दिसला.

तो रस्त्याच्या कडेला थांबला नाही. पाय काढला, गिअर उतरवला, काट्याला शिव्या घातल्या. काटा जरा खाली आला आणि गाडी कशीबशी वर आली.

वरच्या विसाव्यापाशी लाइलची गाडी सावलीत उभी होती. एल्डन खाली उतरला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. लाइल स्वच्छतागृहाकडे गेला होता. मार्लिस कठड्यापाशी उभी होती, आणि तिचा चेहरा कोरडा होता. केस सकाळी विंचरले तसेच. या ठिकाणी एल्डनने तिला नेहमी लालबुंद, घामाने निथळणारी, नळाखाली डोकं धरलेली बघितली होती. तिचा असा चेहरा इथे त्याच्या पाहण्यात नव्हता.

"एल्डन," ती म्हणाली, "तुला माहीत होतं, खाली एवढी खोल दरी आहे? आणि पलीकडे डोंगरांची रांगच्या रांग, निळी. आणि चढावर त्या काटेरी झाडांना आत्ता पिवळी फुलं आलीत, सगळा उतार पिवळा. इतकी वर्षं येते मी इथून. मला वाटायचं, नुसता खडक असेल."

ती तक्रार करत नव्हती. तक्रार असती तर त्याला उत्तर देता आलं असतं. ती एखाद्या मुलीसारखी खूश होऊन सांगत होती, आणि एल्डनला कळलं की इतकी वर्षं तिने या घाटात एका काट्याखेरीज काही बघितलेलं नाही.

तरीही त्याच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. "लाइल आवडतो तुला?"

मार्लिसने डोळे मिटून घेतले. "लाइल पायथ्यापासून इथपर्यंत डोरीनबद्दल बोलत होता. डोरीनला हे आवडायचं, डोरीन ते म्हणायची. कान किटले माझे. मी हो हो म्हणत बाहेर बघत होते. मला त्याची सीट आवडली, एल्डन. खोटं कशाला बोलू?"

सीट. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण लाइलशी भांडता आलं असतं, मारामारीही करता आली असती एखादे वेळी. गार सीटशी आणि पिवळ्या उताराशी कसं भांडणार?

मार्लिस मात्र विषय संपला असं समजून पिकअपकडे गेली. तिने फडक्याचा डबा काढला, नळाखाली फडकं भिजवलं आणि पिळून मानेभोवती गुंडाळायला लागली. फ्लॅगस्टाफ गावाकडे चढणारा घाट अजून पुढे होता, आणि तो याहून लांब. थंड पाणी मानेला लागताच तिचे खांदे वर आले. ती शहारली, तरी गाठ मारू लागली.

एल्डनने ते फडकं तिच्या मानेवरून काढून घेतलं. मग पिकअपचं दार उघडून तिची उशी, चष्म्याची डबी, विणकाम असं एकेक उचललं आणि लाइलच्या गाडीकडे चालू लागला. लाइल हात पुसत परत येत होता, तो बघतच राहिला.

"हिला पाठीमागे उशी लागते," एल्डन त्याला म्हणाला. "डाव्या बाजूला जरा जास्त."

"एल्डन, मी येते ना तुझ्याबरोबर," मार्लिस म्हणाली.

"जा. पुढे झाडी सुरू होते म्हणतात. बघ."

"मग काटा कोण बघणार?"

"बघेन मी."

तिने एकवार त्यांच्या पिकअपकडे बघितलं. मग लाइलच्या गाडीत चढली आणि लाइलला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. लाइलने मान डोलावली.

काय सांगितलं ते एल्डनला फ्लॅगस्टाफच्या चढावर कळलं. काळी पिकअप या वेळी त्याला ओलांडून गेली नाही. तिच्यात जोर होता, डावी लेन मोकळी होती, तरी ती धोक्याचे दिवे लुकलुकवत त्याच्या मागोमाग, त्याच्याच गोगलगायीच्या वेगाने चढत होती. सरळ रस्त्यावर ट्रेलरच्या रुंद पाठीमागे ती अजिबात दिसत नसे. डाव्या वळणावर आरशात तिची चालकाची, म्हणजे लाइलची बाजू दिसे, ती बघायची एल्डनला इच्छा नव्हती. उजव्या वळणावर मात्र मार्लिसची बाजू येई.

हीटरची झळ तोंडावर घेत त्याने एक उजवं वळण घेतलं. काळ्या गाडीची उजवी काच पूर्ण खाली होती. मार्लिसने कोपर बाहेर काढलं होतं, वाऱ्याने तिचे केस विसकटले होते आणि चेहरा उन्हाने लाल झाला होता. ती झाडीकडे बघत होती की त्याच्याकडे, हे नीट कळायच्या आत रस्ता सरळ झाला आणि आरशात ट्रेलरची पांढरी भिंत तेवढी उरली. एल्डनने काट्यावर नजर टाकली, आणि पुढचं उजवं वळण केव्हा येतंय याची वाट बघत तो चढत राहिला.