पुलाजवळचे जांभळे

“किती खोल पेरलंस?” आल्त्येने विचारले.

वुब्बोने उजव्या हाताची दोन बोटे जुळवून तिच्यापुढे धरली.

“दोन बोटं?”

“दोन बोटं. गव्हाला पेरतो तेवढीच. वरून रूळही फिरवला. एक दाणा उघडा राहिला असेल तर शपथ.”

ह्या बोलण्यात जो सूक्ष्म अभिमान होता, तो ऐकून आल्त्येने कपाळाला हात लावला. ती त्याच्या दिवंगत पत्नीची, फेनाची, धाकटी बहीण. मे महिन्याचा मध्य होता. शेताच्या कडेने, पाण्याच्या चराला लागून, दोनशे चाळीस पावले लांबीचा आणि तीन पावले रुंदीचा तो पट्टा कोवळ्या चाकवताच्या तणाने हिरवागार झाला होता. आणि ज्यासाठी तो राखला होता, त्याचा मात्र कोठे मागमूस नव्हता.

“अरे, पुरलंस तू त्यांना, वुब्बो! रानफुलांचं बी ते, मोहरीच्या निम्म्याएवढं. त्याला उजेड लागतो. नुसतं वर भुरभुरायचं आणि पायानं दाबायचं.”

“उघड्यावर? पाखरांना जेवण घालायचं?”

“फेना तीस वर्षं सांगत होती, तेव्हा कान कुठं ठेवले होतेस?”

कान जागच्या जागी होते. फेना सांगत होती तेही खरे होते. दर वसंतात ती चराच्या कडेकडे बोट दाखवी आणि म्हणे, “एवढी एक किनार मला दे. नांगर फिरवू नकोस, औषध मारू नकोस. वर्षानुवर्षं आपली आपण फुलत राहील.” तो म्हणे, “पुढच्या वर्षी बघू.” ओल्डाम्ट मुलखाच्या त्या जड, काळ्या मातीत तीन पावले रुंदीची किनार म्हणजे किती पोती गहू, हे त्याच्या मनात तत्क्षणी उमटे आणि विषय तेथेच विरे. अशी तीस ‘पुढची वर्षे’ गेली. एकतिसाव्याच्या फेब्रुवारीत फेना गेली.

तिच्या पश्चात धान्याच्या खोलीत, सर्वांत वरच्या फळीवर, त्याला कॉफीचे अकरा रिकामे डबे सापडले. रिकामे नव्हते ते. प्रत्येकात बारीक, कोरडे बी होते आणि प्रत्येकावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी. ‘चर्चच्या भिंतीमागचे पिवळे.’ ‘जुन्या धरणावरचे पांढरे, उंच.’ ‘पुलाजवळचे जांभळे.’ फुलांची पुस्तकी नावे तिला ठाऊक नव्हती. प्रत्येक फूल ती त्याच्या गावावरून ओळखे. आता धरणावर डांबरी रस्ता झाला होता, पुलाची कड सिमेंटने बांधून काढली होती, आणि चर्चमागचे गवत दर आठवड्याला यंत्राने कापले जाई. त्या अकरा डब्यांत जे होते, तेवढेच उरले होते.

म्हणून सप्टेंबरात त्याने ते पेरले. आणि ज्या निष्ठेने सारे आयुष्य पेरले, त्याच निष्ठेने पेरले. जमीन लोण्यासारखी केली. ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ काढल्या. बी उघडे टाकणारा मनुष्य आळशी, असे त्याच्या वडिलांनी त्याला शिकवले होते. झाकणे म्हणजे जपणे, एवढेच त्याला ज्ञात होते. आणि आता ही बाई म्हणत होती, की ज्याला त्याने जपले, त्याचाच त्याने श्वास कोंडला!

“मेलं का मग ते?” त्याने विचारले. स्वर त्याच्या मनाविरुद्ध बारीक झाला होता.

आल्त्येचा राग तेथेच ओसरला. “नाही रे. असलं बी झोपून राहतं. कधीकधी वर्षानुवर्षं. वरची माती हलकेच चाळवून बघ. जे वर येईल ते येईल.”

“आणि येणार नाही ते?”

“ते मला काय विचारतोस? चल, कॉफी दे आधी.”

नऊ दिवस वुब्बो हातदाताळ्याने ती माती उकरत होता. बी शोधण्यासाठी पेरलेले शेत उकरावे, असा प्रसंग शहात्तर वर्षांत त्याच्यावर आला नव्हता. संध्याकाळी तो मोहरीचे सूप गरम करी, चमचा तोंडाशी नेई आणि मध्येच थांबे. आपण तिला वर काढत आहोत की अधिक खोल लोटत आहोत, हे त्याला उमगत नसे. मग मनातल्या मनात तो ते वाक्य सुधारून घेई. तिला नव्हे, बियांना.

जुलैत चाकवत कमरेला लागला. आल्त्ये पुन्हा आली, वाकून पाहून म्हणाली, “आता काप.”

“काय कापू?”

“सगळं. वीतभर ठेव आणि वरचं उचलून ने. खाली बारकी रोपं असतील तर त्यांना उजेड मिळू दे.”

“पेरलं ते पुरलं म्हणतेस. पुरलं ते उकर म्हणतेस. आता उगवलं ते काप म्हणतेस. फुलं कधी?”

“पहिल्या वर्षी फुलं नसतात वुब्बो. ही वर्षानुवर्षं जगणारी जात. आधी मूळ धरतात. पुढच्या वर्षी बघू.”

तिच्या तोंडून हे सहज निघाले होते. वुब्बोने मात्र विळा उचलला आणि चराच्या कडेला, फेना बोट दाखवी तेथूनच, कापायला सुरुवात केली.

त्या प्रांतात एक जुनी रीत होती. रविवारी चर्च सुटले, की शेतकरी काळ्या कोटांत, सायकलींवर, कालव्याच्या वाटेने संथपणे एकमेकांची शेते पाहत घरी जात. तोंडाने कोणी कोणाला काही म्हणत नसे. परंतु ज्याच्या शेतात तण दिसे, तेथे सायकल क्षणभर थांबे. आणि ते थांबणे आधीच घरी पोचून दिवाणखान्यात बसलेल्या घरधन्याला खिडकीतून दिसे. पन्नास वर्षांत वुब्बोच्या शेतापाशी एकही सायकल थांबली नव्हती. ह्या उन्हाळ्यात दर रविवारी थांबत होत्या.

ऑगस्टअखेरच्या रविवारी तो खिडकीत बसला नाही. चर्चच्या कोटातच, डोक्यावर रविवारची टोपी तशीच ठेवून, तो पट्ट्यात उतरला. कापलेल्या बुडख्यांमधून हळूहळू चालला. मध्येच त्याचा हात खाली गेला आणि जमिनीला चिकटून बसलेले एक रोप मुळासकट वर आले. हे त्याने केले नव्हते. त्याच्या हाताने केले होते. पन्नास वर्षे तो हात, मनाला न विचारता, हेच करत आला होता.

त्याने रोप डोळ्यांजवळ धरले. काठाशी दातेरी, मागून लवदार अशी पाने गोलाकार पसरली होती. ह्या मातीतले प्रत्येक तण वुब्बो पानावरून ओळखत असे, अंधारात नुसत्या स्पर्शानेही ओळखले असते. हे त्याला ओळखता येईना. मूळ बोटभर लांब होते. त्याला अजून माती धरून होती.

पाठीमागे सायकल थांबली. शेजारच्या शेताचा सीप्को होता तो. शाळेपासूनचा सोबती, आणि तेव्हापासूनच जिभेचा तिखट.

“काय वुब्बो! चाकवत कापलास वाटतं? मी म्हटलं, मळणीला माणसं पाठवावीत!”

वुब्बो रोप उलटे करून त्याचे मूळ पाहत होता.

“काय आहे ते हातात?”

“माहीत नाही.”

“तुला माहीत नाही?” सीप्को हसायला लागला आणि मध्येच थांबला. शेतातल्या एखाद्या वस्तूविषयी वुब्बोने असे उत्तर दिलेले त्याने जन्मात ऐकले नव्हते. “तण असेल. टाक चरात.”

“असेलही.”

“मग?”

“पुलाजवळचं जांभळंही असेल.”

“कुठलं जांभळं?”

“फुलल्याशिवाय कळायचं नाही. पान बघून तिला कळलं असतं.”

आल्त्येलाही कळले नसते. ते त्याने बोलून दाखवले नाही. तो सावकाश गुडघ्यांवर बसला. चर्चच्या विजारीला चिखल लागला. दोन बोटांनी त्याने मातीत भोक केले, मूळ न दुमडता आत सोडले आणि सवयीने तो पानांवरही माती ओढू लागला. मग थबकला. एकेका पानावरची माती त्याने नखाने झटकली, आणि पाने उघडी ठेवली.

रोप मलूल पडले होते. त्याने आजूबाजूला पाहिले, भांडे नव्हते. तो चरापर्यंत गेला, टोपी काढली आणि पाण्यात बुडवली.

“अरे, रविवारची टोपी ती!” सीप्को ओरडला.

वुब्बो टोपी दोन्ही हातांत धरून परत निघाला. चालताना पाणी गळत होते, म्हणून तो पावले जपून टाकत होता. वाटेवर सीप्कोमागे आणखी एक सायकल येऊन थांबली, तिच्यामागे तिसरी. सीप्कोने मागे वळून ओठांवर बोट ठेवले, आणि मग, का ते त्याचे त्यालाही न कळता, स्वतःची टोपी काढून हातात घेतली.