सावलीतला मांडव

“तानाबाई, अंगठा पदराले पूस आधी. हळद लागली हाये तुह्या बोटाले, मशीन कशी घीन?”

“मशीनले हळदीचं वावडं हाये का, भाऊराव?”

“सरकारी मशीन हाये ते. तिले कशाचंबी वावडं राह्यते.”

रांगेतले म्हातारे हसले. शाळेच्या पटांगणात कडुनिंबाखाली मांडव टाकला होता आणि भाऊराव सकाळपासून तिथं उभे होते. त्यांनी उभं राहू नये म्हणून नांदुऱ्याहून रजा टाकून आलेली त्यांची मुलगी धम्मशीला रिकामी खुर्ची हातात घेऊन त्यांच्या मागं मागं फिरत होती.

“बाबा, बसा.”

“बसतो ना. हे चार जण होऊ दे.”

ते चार जण दुपारपर्यंत संपले नाहीत. भाऊरावांचं वय चौऱ्याहत्तर, नाडीचे ठोके मिनिटाला अडतीस. अकोल्याच्या डॉक्टरांनी पेसमेकर बसवावा लागेल असं सांगून पुढच्या सोमवारची तारीख दिली होती. यंत्र सरकारी योजनेतून मिळणार होतं. त्यासाठी सत्तरीच्या पुढच्यांचं नवं कार्ड हवं होतं. धम्मशीला नांदुऱ्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होती; खाजगीत दाखल करू, पैशाचं मी बघते, असं तिनं दोनदा म्हणून पाहिलं होतं. भाऊराव म्हणाले होते, “बत्तीस वर्षं लोकायले सांगत आलो, सरकारी दवाखान्यावर भरोसा ठेवा. आता माह्यी बारी आली तं मी खाजगीत जाऊ?”

बत्तीस वर्षं ते आरोग्य सेवक होते. सायकल, पिशवीत रक्ताचा थेंब घ्यायच्या काचपट्ट्या, बोट टोचायची सुई, स्पिरिटचा बोळा. कोणाच्या घरी ताप आहे हे त्या घरातल्या सुनेच्या आधी त्यांना कळायचं. मलेरियावाले भाऊराव म्हटलं की पंचक्रोशीत दुसरी ओळख लागायची नाही. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी पिंपळगाव राजाच्या बाजारात एखादा पन्नाशीचा गडी त्यांना पाहून हात पाठीमागं लपवायचा. “भाऊराव, आज ताप नाई हो मले!”

कार्डांच्या शिबिराची बातमी आली तेव्हा ते तसेच दारोदार फिरले. आधार कार्ड काढून ठेवा, मोबाइल नंबर कोणाचा द्यायचा ते पोराला विचारून ठेवा, रविवारी या. स्वतःला धरून दोनशे बारा माणसं त्यांनी जमवली.

आता या कार्डाची कथा. म्हाताऱ्यांच्या उपचाराची योजना एका पक्षाच्या सरकारनं आणली होती. तिच्यात उत्पन्नाचा दाखला लागायचा, आणि तो मिळेपर्यंत माणूस उपचारांच्या पलीकडे जायचा. दुसऱ्या पक्षाचं सरकार आलं. त्यांनी दाखल्याची अट काढली, नाव बदललं आणि सुधारणा केली म्हणून ढोल बडवले. पहिले म्हणाले, योजना आमची. दुसरे म्हणाले, सुधारणा आमची. दोघांपैकी कोणाच्याही घरचा म्हातारा सरकारी दवाखान्याची पायरी चढत नव्हता, त्यामुळे भांडायला दोघांनाही भरपूर सवड होती.

म्हणून त्या रविवारी गावात एका कार्डासाठी दोन मांडव होते. शाळेतला पुंजाजींचा. पुंजाजी सत्तेतल्या पक्षाचे तालुकाध्यक्ष. रस्त्यापलीकडे, उघड्या मैदानातला दयाराम भाऊंचा. ते विरोधकांचे, पंचायत समितीचे माजी सदस्य. मशीन तेच, अर्ज तोच, कार्ड येणार तेही एकाच सरकारी कचेरीतून. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं की माणूस ज्या मांडवात बसला त्या मांडवाचा झाला. माहीत नव्हतं ते भाऊरावांना. किंवा असेल माहीत. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की शाळेत कडुनिंबाची सावली आहे आणि पाण्याचा हातपंप आहे. त्यांनी आयुष्यभर सगळी शिबिरं सावली आणि पाणी पाहून लावली होती. माणसं त्यांनी सावलीत बसवली.

स्वतःचा अंगठा त्यांनी सर्वांत शेवटी लावला.

बुधवारी बातमी आली. सरकारी शाळेच्या आवारात पक्षाचा बॅनर लावला, अशी दयाराम भाऊंनी तक्रार केली होती आणि चौकशी होईपर्यंत त्या मांडवातले सगळे अर्ज थांबवले गेले होते. संध्याकाळपर्यंत पुंजाजींनी वर फोन फिरवून दयाराम भाऊंच्या मांडवातले एकतीस अर्जही अडकवले. हिशेब बरोबर झाला. दोन्ही पुढाऱ्यांनी एकमेकांचा निषेध केला. धम्मशीलानं बाबांचा अर्ज नव्यानं भरून पाहिला, तर मशीन म्हणालं, या नावाची नोंद आधीच झालेली आहे.

गुरुवारी ती पुंजाजींकडे गेली. ते आपल्या कृषी केंद्रात खताच्या पोत्यांमागं बसले होते.

“या ताई, या. काकांची तब्येत? अरे, चहा सांग रे ताईले.”

“चहा नको. सोमवारी बाबांचं ऑपरेशन आहे. त्यांचा एक अर्ज तरी सोडवून द्या.”

“एक काय, दहा सोडवतो. भाऊराव काका म्हणजे आपले घरचे. असं करा, रविवारी साहेब येऊन राह्यले. काकाले स्टेजवर बसवू, फेटा बांधू, अन् पहिलं कार्ड साहेबाच्या हातानं काकाले. काकांनी दोन शब्द बोलायचे, सरकारनं आमचा जीव वाचवला म्हणून.”

“अजून वाचवला नाही.”

“वाचीन ना ताई. पहिले बोललं म्हणजे वाचतेच.”

“आणि बाकीचे दोनशे अकरा?”

“त्यायची चौकशी चालू हाये ना. दयारामले विचारा. म्हाताऱ्यायच्या जिवावर राजकारण करून राह्यला थो.”

ती दयाराम भाऊंकडे गेली. ते बसस्टँडजवळच्या संपर्क कार्यालयात मोबाइलवर स्वतःचंच भाषण पाहत होते. तिचं सगळं ऐकून त्यांचे डोळे चमकले. ही चमक तिनं यापूर्वी धान्याच्या बाजारात, ढीग उचलण्याआधी व्यापाऱ्याच्या डोळ्यांत पाहिली होती.

“मॅडम, हे तं लोकायपुढं आलं पाह्यजे. काकाले खाटेवर झोपवा. एक मिनिटाचा व्हिडिओ. माह्याजवळ चार दिवस उरले, सरकार मले कार्ड देत नाई, असं म्हणू द्या. उद्या मुंबईपर्यंत पोचवतो.”

“तक्रार तुम्हीच केली ना? मागं घ्या. लगेच कार्ड निघेल.”

“तक्रार तत्त्वाची हाये, मॅडम. तत्त्व कसं मागं घ्याचं?”

“ते खाटेवर नाहीत. फिरतायत.”

“मंग झोपवा ना थोडा वेळ.”

पुस्तकं वाचून माणसाला राग नीट मांडता येतो, असा धम्मशीलाचा समज होता. त्या कार्यालयातून बाहेर पडताना तिला एकही वाक्य सुचलं नाही. घरी येऊन तिनं दोन्ही प्रस्ताव बाबांसमोर ठेवले. पहिला ठेवताना तिनं मान खाली घातली, कारण तो तिनं मनातून मान्य केला होता. फेटा तर फेटा. दोन शब्द तर दोन शब्द.

भाऊराव भाकरी कुस्करत होते. म्हणाले, “दोघायलेबी माह्या तोंडाची गरज हाये. छातीची कोणालेच नाई.”

“बाबा, तोंडानं काय जातं? बोलून टाका. मी सांगते म्हणून बोला.”

“मी बोललो तं माह्यं एकट्याचं कार्ड निघीन. तानाबाईले काय सांगू? तिच्या खुब्याचं ऑपरेशन अटकलं हाये या कार्डापाई. मीच नेलं तिले त्या मांडवात.”

“तुम्ही सावली पाहून नेलं.”

“हाव. सावली कोणाची हाये ते पाह्याले पाह्यजे होतं.” ते थोडे थांबले. श्वास पुरेना म्हणून थांबले, हे तिच्या ध्यानात आलं. “इतक्या वर्षांत अशी चूक झाली नव्हती.”

शुक्रवारी त्यांनी आपली जुनी पिशवी काढली आणि बाहेर पडले. सोमवारचं अकोला त्यांनी दोन दिवस पुढं ढकललं होतं, डॉक्टरला न विचारता, मनातल्या मनात. सोमवारी सगळ्यांनी मिळून तहसीलवर जायचं, कोणाचा झेंडा न घेता, नुसती आधार कार्डं घेऊन बसून राहायचं, असं ते घरोघर सांगत होते. धम्मशीला चिडली, रडकुंडीला आली, तिनं त्यांच्या चपला लपवून ठेवल्या. ते शेजाऱ्याच्या चपला घालून गेले.

“भाऊराव, आमाले कोणत्या पार्टीकडून बसाचं हाये?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“बुढ्यायच्या.”

“निवडून येते का थे?”

“येत नाई. मरते. म्हणून तं जाऊन राह्यलो लौकर.”

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला तानाबाईचा मुलगा दीपक धावत आला. धम्मशीला अनवाणी पळाली. भाऊराव तानाबाईच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. पिशवी मांडीवर, डोळे अर्धे उघडे. ज्या माणसानं सारा गाव नाडीनं ओळखला, त्याची नाडी पाहायला तिथं कोणी नव्हतं. तिनंच मनगट धरलं आणि उगीचच बराच वेळ धरून ठेवलं.

“पाणी मागतलं वं माय,” तानाबाई काठीला धरून सांगत होती. “मले म्हणे, तू उठू नको, तुह्या खुब्याले लागीन, मीच घेतो. अन् उठलेच नाई.”

सोमवारी तहसीलवर कोणी गेलं नाही. घरोघर जाऊन बोलावणारा माणूसच उरला नव्हता.

त्यानंतर बाराव्या दिवशी पंचायत समितीच्या सभापतिपदाची गणितं जुळली आणि पुंजाजी व दयाराम भाऊ यांची युती झाली. तत्त्वाची तक्रार तत्त्वासकट मागं घेतली गेली. चौकशी कोणी केली, काय निघालं, हे कोणी विचारलं नाही. दोनशे बारा आणि एकतीस, सगळी कार्डं एका दुपारी निघाली. बॅनरवर दोघांचे फोटो शेजारी शेजारी होते, दोघांचेही हात जोडलेले. तानाबाई म्हणाली, “नवरा-नवरीच दिसून राह्यले मेले.”

भाऊरावांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम दारासमोरच होता. सतरंज्या, पांढरा मांडव, बुद्धाची मूर्ती, शेजारी भाऊरावांचा फोटो. बौद्धाचार्यांनी वंदना सुरू केली आणि तेवढ्यात गाडी येऊन थांबली. पुंजाजी आणि दयाराम भाऊ एकाच गाडीतून उतरले. मागं फोटो काढणारा. बौद्धाचार्य थांबले. दोघं माणसांमधून वाट काढत पुढं आले, फोटोला हार घातला, आणि पुंजाजींनी खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातलं कार्ड काढलं. कार्डाचं एक टोक त्यांनी धरलं, एक दयाराम भाऊंनी.

“ताई, काकाची शेवटची इच्छा आम्ही दोघांनी मिळून—”

धम्मशीलानं कार्ड घेतलं. फोटो काढणाऱ्यानं तिला इकडं बघायला सांगितलं. ती कार्डाकडे बघत राहिली. नाव बरोबर होतं. जन्मतारीख बरोबर होती.

“हे रद्द करायला कुठं द्यायचं?” तिनं विचारलं.

“म्हणजे?”

“कार्डवाला माणूस वारला. कार्ड परत करायचं असेल ना? मृत्यूचा दाखला आहे माझ्याजवळ. कुठं द्यायचं?”

पुंजाजींनी दयाराम भाऊंकडे पाहिलं. दयाराम भाऊंनी पुंजाजींकडे.

“ऑनलाइन असल ते,” पुंजाजी म्हणाले.

“तालुक्याले इचारून सांगतो,” दयाराम भाऊ म्हणाले.

“मग तुम्हीच घेऊन जा.” तिनं कार्ड पुढं केलं.

हात कोणी पुढं केला नाही. दयाराम भाऊंनी मोबाइल कानाला लावला, वाजला नव्हता तरी. फोटो काढणाऱ्यानं कॅमेरा खाली घेतला.

“पाह्य वं बाई,” तानाबाई सतरंजीवरून सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, “द्याले दोघं आले, वापस घ्याले एकबी नाई.”

कोणी हसलं नाही. दोघं थोडा वेळ उभे राहिले. आपल्याला बोलायला सांगतील, निदान बसा म्हणतील, अशी वाट त्यांनी पाहिली असावी. मग “येतो ताई” म्हणून निघाले. गाडी मागं घेताना ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तो बराच वेळ वाजला.

गाडी गेली. ते दोघं उभे होते तिथली माणसं पुढं सरकून बसली आणि जागा भरून निघाली. बौद्धाचार्यांनी धम्मशीलाकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यांनी वंदना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. पहिल्या ओळीला धम्मशीलाचा आवाज लागला नाही. दुसऱ्या ओळीला लागला.