बिनऔषधाचा वाफा

वडगाव रासाईच्या देवळापुढच्या मंडपात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि गंमत म्हणजे सगळे आले होते पाय ठेवायलाच. निळ्या टबात कोमट पाणी, पाण्यात वायर लावलेलं एक काळं डबडं आणि शेजारी भगव्या जाकिटातले हृदयानंद महाराज. माणूस खुर्चीत बसून पाय टबात सोडायचा. महाराज भस्म टाकून बटण दाबायचे. बघता बघता पाणी पिवळं, मग विटकरी, मग काळपट व्हायचं आणि वर फेस धरायचा.

"पाहा माउली, हे तुमच्या हृदयातलं ब्लॉकेज," महाराज माइकवरून सांगत. "डॉक्टर वरून कापतो, आम्ही खालून काढतो. रक्त वरून खाली येतं ना? मग घाणही खालीच येणार. हे क्वांटम सायन्स आहे. अमेरिकेत यावर रिसर्च झालाय, पण ते लोक कुणाला सांगत नाहीत."

कुणालाच न सांगणाऱ्यांनी यांना कसं सांगितलं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. माझं गावात औषधांचं दुकान आहे, त्यामुळे या विषयात माझी साक्ष बाद. मी तोंड उघडलं की दुकानासमोरच्या ताईबाई म्हणायच्या, "ह्याच्या गोळ्या खपंनात, म्हून ह्याच्या पोटात दुखतंय." मी नुसता आतल्या आत जळत होतो.

पण दर महिन्याला येणारे कांदेवाले ज्योतिबाआबा गोळ्या न्यायला आले नाहीत, तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. मागच्या दिवाळीत आबांना हार्टचा झटका आला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत बारीक जाळी बसवली आणि बजावून सांगितलं की जाळीवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ही गोळी रोज घ्यायची, आम्हाला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. मी तडक त्यांच्या घरी गेलो.

"बंद केली," आबा खुशीत म्हणाले. "पयल्या बैठकीला माझं पानी डांबरावानी निघालं. दुसरीला चहावानी. परवा तर निस्तं पिवळं. ब्लॉकेज उतारलं की. आता गोळी कशापायी?"

मी बाहेर येऊन त्यांच्या सुनेला, हर्षदाला, फोन लावला. ती पुण्यात हृदयरोगाच्या संशोधन केंद्रात कामाला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गावात हजर झाली. मला वाटलं, आता सासऱ्याशी कडाक्याचं भांडण होणार. पण तिने शांतपणे चहा केला आणि विचारलं, "मामा, कांद्यावर फवारायचं नवं औषध आलं, की तुम्ही काय करता?"

"एक वाफा तसाच सोडतो, बिनऔषधाचा."

"कशाला?"

"मग कळायचं कसं? कांदा औषधानं पोसला का हवामानानं? त्या कंपनीच्या पोराच्या तोंडाकडं बघून इस्वास ठेवू व्हय?"

"आमच्या रिसर्चमध्ये हेच करतात. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. मग दोन्हीकडं काय होतं ते बघायचं. आता सांगा, महाराजांनी बिनऔषधाचा वाफा ठेवलाय का? पाय न घालता पाणी कुणी बघितलंय?"

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. कांद्याच्या औषधाला लावलेला नियम स्वतःच्या छातीला लावायचा राहून गेला होता, आणि ते त्यांना चांगलंच झोंबलं.

"चल," ते उठले. "इचारूच."

हर्षदाने स्वयंपाकघरातून दोन दुधी भोपळे उचलले. मंडपात पोचल्यावर तिने ते सरळ टबात सोडले. महाराज चपापले. "ताई, श्रद्धा नसेल तिथं यंत्र चालत नाही."

"श्रद्धा माझी हाय की," आबा म्हणाले आणि त्यांनीच बटण दाबलं.

हर्षदाने चिमूटभर भस्म टाकलं. पाणी पिवळं झालं. मग मूठभर टाकलं. पाणी विटकरी झालं, काळपट झालं, वर फेस आला. दुधी गुमान तरंगत होते.

"आगं बया," ताईबाई म्हणाल्या, "दुध्यालाबी ब्लॉकेज?"

मंडप खदाखदा हसला. आबांनी भस्म जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "मीठ हाय ह्यात." हर्षदाने वायर काढून डबडं उघडलं. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या होत्या, गंजून खंगलेल्या. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं आणि त्याच गंजाने पाणी रंगतं, तिने सांगितलं. मीठ जास्त तर पाणी काळं, कमी तर पिवळं. पहिल्या बैठकीला मूठभर आणि शेवटच्या बैठकीला चिमूटभर, एवढीच महाराजांची विद्या.

महाराजांना तेवढ्यात यवतहून अर्जंट फोन आला. निदान तसं सांगून ते सटकले. फोन काही वाजला नव्हता.

लोक हसत उठायला लागले. आबा हसत नव्हते. त्यांनी माइक हातात घेतला. "बसा जरा. मी हार्टची गोळी बंद केलीया. आजून कुणी कसली गोळी बंद केलीया?" आणि स्वतःचा हात वर धरला.

हसणं थांबलं. मागून एक हात वर आला, मग दुसरा. ताईबाईंनीही खाली मान घालून हात वर केला. हर्षदाने तिथंच बसून डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आबांना ताबडतोब घेऊन या. कुणी तरी गाडी काढायला पळालं. मी वर आलेले हात बघत होतो, उद्या कुणाच्या घरी जायचं ते मनात ठरवत होतो, आणि खांबाजवळ शेवटचा हात दिसला. रंगुबाईंचा. म्हणजे माझ्या आईचा.

बीपीची गोळी मी स्वतः दुकानातून घरी न्यायचो, रोज सकाळी तिच्या तळहातावर ठेवायचो. ती पदरात बांधायची आणि मागच्या दारी टाकून द्यायची, हे मला आज कळलं.

"मला बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तू नुसता महाराजावर चिडायचास," ती म्हणाली. "मला कवा इचारलंस?"

म्हणून हात जोडून सांगतो. हृदयाची, रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. चमत्कार दिसला की प्रश्न विचारा. आणि बुवाला विचारायला जाण्याआधी घरात विचारा, चिडून नाही, जवळ बसून.