एकशे बाराव्या पानावरची विल्मा

ऑर्फा स्कॅग्ज आठवीपर्यंतच शिकली. पण ज्या शाळेतून ती बाहेर पडली, त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं काढली, आणि केंटकीतल्या त्या खाणगावात तिच्या हातचं न खाल्लेलं माणूस शोधूनही सापडलं नसतं. पेन्शनला आठ महिने उरले होते. तेवढे सुखरूप जावेत म्हणून ती हल्ली तोंड आवरून होती, म्हणजे दिवसाला एखाद्याचाच उद्धार करायची.

तेवढ्यात ते पुस्तक आलं. लिंडक्विस्ट नावाचा एक लांबुडका प्राध्यापक, गरिबांची मुलं शिकून पुढे का जात नाहीत, हे विचारत वर्षभर गावात हिंडला होता. कुणाला त्रास नको म्हणून पुस्तकात त्याने सगळ्यांची नावं बदलली. झालं, हा कोण आणि ती कोण हे ओळखण्यापलीकडे गावाला उद्योगच उरला नाही. चौथ्या प्रकरणातला दारुडा व्हायला कुणी तयार नव्हतं. विल्मा व्हायला मात्र ऑर्फाच्याच स्वयंपाकघरातली जोलीन टॅकेट एका पायावर तयार होती.

ही विल्मा एकशे बाराव्या पानावर. ज्या मुलाच्या जेवणाच्या खात्यात घरच्यांनी पैसे भरलेले नाहीत, त्याचं गरम ताट गल्ल्यापाशी काढून कचऱ्यात टाकायचं आणि हातात थंड चीज सँडविच द्यायचं, असा शाळेचा नियम. विल्मा पैसे घेतल्यासारखं करते आणि पोराला ताटासकट पुढे ढकलते. प्राध्यापकाने तिला गावातली सगळ्यात शहाणी बाई म्हटलं होतं.

विल्मा म्हणजे ऑर्फाच. पण बोलायची सोय नव्हती. नियम मोडल्याचं कळलं तर नोकरी जाणार आणि पूर्ण पेन्शनवर पाणी. इकडे जोलीन, जी सहा वर्षं नुसती टेबलं पुसत होती आणि जिच्या कुस्करलेल्या बटाट्यांनी भिंतीला गिलावा करता आला असता, ती चर्चमध्ये लाजून मान खाली घालायची. नावं बदललीत, मी कशी बोलू, म्हणायची. ऑर्फाला रात्री घास जाईना.

शनिवारी दुपारी वाचनालयात प्राध्यापकाचं वाचन ठेवलं. ऑर्फा मागच्या रांगेत, जोलीन केस फुगवून पहिल्या. जोलीनच्या शेजारी शाळांचे मुख्य अधिकारी, रॅटलिफ साहेब. एकशे बारावं पान वाचून झालं तसे साहेब उठले आणि ही बाई कोण, असं त्यांनी विचारलं. प्राध्यापक म्हणाला, नाव न सांगण्याचं वचन दिलंय. साहेबांनी जोलीनकडे वळून पाहिलं.

"मी? अहो साहेब, मला गल्ल्याला हात तरी लावू देतात का? मी फडकं मारते."

सगळे हसले. विषय मिटल्यातच जमा होता. ऑर्फाला फक्त गप्प बसायचं होतं. पण प्राध्यापकाला वाटलं, आपण सारवासारव करावी. तो म्हणाला की एवढं मनावर घेऊ नये, दिवसाला दोन-तीनच तर मुलं.

"दोन-तीन?" ऑर्फा उठून उभी राहिली. "प्रोफेसर, अहो एवढे शिकलात आणि आकडा धड उतरवता येत नाही? अकरा सांगितली होती मी. सोमवारी तर पंधरा. शनिवार-रविवार घरी उपाशीच असतात ती."

जोलीन फुगवलेल्या केसांसकट खुर्चीत खाली सरकली.

"मिस ऑर्फा," साहेब म्हणाले, "सोमवारी नऊला माझ्या ऑफिसात या."

"नऊला माझे पाव भट्टीत असतात. तुम्हीच या साडेअकराला. नियम तुमचा आहे, तर ताटंही तुमच्याच हाताने काढून घ्या. आणि केसांना जाळी लावा, माझ्या स्वयंपाकघरात तशी पद्धत आहे."

सोमवारी साहेब आले. कोटावर एप्रन, टकलावर जाळी. खात्यात पैसे नसलेलं पहिलंच ताट पहिलीतल्या एका मुलीचं निघालं. तिने ते छातीशी धरलं आणि मान वर करून विचारलं, "तुम्ही नवीन आहात का?"

साहेबांनी सँडविच उचललं, मुलीकडे पाहिलं, तिच्यामागच्या रांगेकडे पाहिलं, आणि सँडविच परत ठेवलं.

"हो," ते म्हणाले.

"मग जरा हात चालवा," ऑर्फा म्हणाली, "मागे पोरं खोळंबलीत."