मला अंजूच्या हाती देऊ नका

मी चामड्याच्या हातमोज्यांची एक जुनी जोडी आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, ‘आम्हाला जपा.’ मी मात्र आज घाबरून भलतंच मागणार आहे.

माझं चामडं क्रोम नावाच्या रसायनात कमावलेलं आहे. बालाघाटहून लालबर्ऱ्याकडे जाताना सिमेंटचे खांब बनवण्याचा एक कारखाना लागतो. तिथे दुलीचंदच्या हातांत मी वर्षानुवर्षं राबले. सळई असो की खडी, त्याला मी ओरखडा येऊ दिला नाही. तो मला प्रेमाने तेल लावायचा आणि मी फुशारून जायची. त्याच्या हातांवर पुरळ उठायचं, बोटं भेगाळायची. ‘सिमेंटची गरमी हाय’ म्हणून तो हात पाठीमागे घ्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असाच त्या घरचा हिशेब होता.

वय झालं तसं त्याने काम सोडलं आणि थोरली लेक अपेक्षा तिथे लागली. पहिल्या दिवशी त्याने मला बुद्धमूर्तीपुढे ठेवलं, वंदना म्हटली आणि मला तिच्या हातांत घातलं.

“माही आठवण हाय बाई. सांभाळून वापर.”

मला केवढा अभिमान वाटला!

पण थोड्याच आठवड्यांत तिचे हात लाल झाले. जिथवर मी, तिथवर पुरळ. काम जाईल या भीतीने ती बाह्या खाली ओढून घ्यायची. एकदा जेवताना तिच्या हातून ताट निसटलं, तेव्हा दुलीचंदला ते हात दिसले.

“काहून लपवलं?”

“तुमी बी लपवतच होते ना, बाबा.”

शहरातल्या डॉक्टर चारुलताबाईंनी पाठीवर पट्ट्या चिकटवून दोघांचीही तपासणी केली. “ही ॲलर्जी आहे, एकाची दुसऱ्याला लागत नाही,” त्या म्हणाल्या. “पण ती होण्याचा कल रक्ताच्या नात्यात उतरू शकतो. सगळ्यांना होईलच असं नाही. तुम्हा दोघांना क्रोम सोसत नाही. ते सिमेंटमध्येही आहे आणि या मोज्यांतही.”

ज्यांना वाचवते म्हणून मी मिरवत होते, त्यांनाच मी जाळत होते.

अपेक्षाला दुसरे मोजे मिळाले, ओल्या सिमेंटपासून दूरचं काम मिळालं. मी खिळ्यावर गेले. हायसं वाटलं. पण काल दुलीचंदने मला खाली काढून तेल लावलं. धाकटी अंजू आता कारखान्यात जाणार आहे.

“सगळ्याइले होत नाही म्हने,” असं पुटपुटत त्याने मला पुन्हा मूर्तीपुढे ठेवलं. ओरडावं तर मला तोंड नाही.

“बाबा,” अपेक्षा हळूच म्हणाली, “अंजूचे हात बी आपल्याच घरचे हायेत ना?”

तो आपल्या भेगाळलेल्या बोटांकडे बघत राहिला.

“हौ,” एवढंच म्हणाला आणि त्याने मला परत खिळ्याला टांगलं. टाकून देणं काही त्याला जमलं नाही.

मित्रांनो, खिळा दाराजवळच आहे आणि अंजूचा हात तिथे सहज पोचतो. तुमचे हात लपवू नका, वेळेवर दाखवा. आणि दुलीचंदला कुणीतरी सांगा, माझ्यावर खरंच माया असेल तर मला जपू नकोस, पुरून टाक.