उतरलेला आकडा

घरात भावंडं दोनच. थोरली किडनीवर संशोधन करून पोट भरत होती आणि धाकट्याच्या किडन्याच बसल्या. "नशिबाला विनोद बरा कळतो," असं धाकटा स्वतःच म्हणायचा. तो बस चालवायचा. जिभेला हाड नव्हतं, पण मनाने लोण्यासारखा.

ताईने उमेदीची सगळी वर्षं एका मायक्रोआरएनएच्या मागे घालवली होती. पेशीतला हा इवलासा धागा स्वतः काही घडवत नाही, फक्त दुसऱ्या जनुकांची तोंडं दाबतो. किडनीत वण धरू लागले की तो रक्तात वाढतो, हे ताईने शोधून काढलं. मग तिच्या कंपनीने त्याचंच तोंड दाबणारं इंजेक्शन तयार केलं. उंदरांचे वण विरले आणि माणसांवरची चाचणी सुरू झाली.

इकडे धाकट्याला त्याच्या बायकोची, म्हणजे ताईच्या भावजयीची, किडनी जुळली होती. सर्जन तयार, भावजय तर कंबर कसूनच बसलेली. धाकटा मात्र काचकूच करत होता. "माझ्यापायी हिच्या पोटावर सुरी? धडधाकट बाईला कापायचं?" औषधाच्या चाचणीचं कानावर येताच त्याने तीच वाट धरली. पहिल्या टप्प्यात सगळ्यांनाच खरं औषध मिळणार होतं आणि रक्ताचा निकालही कळणार होता.

निकाल आला. धाग्याचा आकडा निम्म्याखाली! प्रयोगशाळेत लोकांनी ताईला खुर्चीवर उभं करून टाळ्या पिटल्या. त्याच संध्याकाळी भाऊ-भावजय तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसले.

"बघ, तुझ्या दोऱ्याला लोळवलं की नाही!" धाकटा खुशीत होता.

भावजय हसली नाही. "ताई, पण यांचं क्रिएटिनिन, किडनीने गाळायचं ते, तसंच आहे. उलट थोडं वरच गेलंय. पायांवरची सूजही उतरत नाही."

"वण एका रात्रीत विरत नाहीत गं. आधी धागा उतरतो, मागून किडनी सावरते."

"नक्की?"

उंदरांत तसं झालं होतं. माणसात कोणी पाहिलंच नव्हतं. ताईला ते पक्कं ठाऊक होतं, पण टाळ्या अजून कानांत घुमत होत्या.

"मग ऑपरेशन पुढे ढकलू?" धाकट्याने विचारलं.

"थोडं थांबायला हरकत नाही," ताई म्हणाली.

भावजयीने कप उचलले आणि बेसिनपाशी जाऊन पाणी सोडलं.

पुढच्या प्रत्येक तपासणीत आकडा उतरतच गेला. धाकटाही उतरत गेला. आधी जिना चढताना धाप लागू लागली, मग बस चालवणं सुटलं, मग उताणं झोपणंही सुटलं. एके दिवशी छातीत पाणी भरलं आणि त्याला उचलूनच न्यावं लागलं. डायलिसिसवर जीव वाचला, पण हृदय पार थकून गेलं होतं. सर्जननी हात वर केले. "आता भूल दिली तर टेबलावरच जातील."

कंपनीच्या बैठकीत प्रमुखांनी औषध बंद केल्याचं सांगितलं. कुणाच्याच किडनीला फरक पडला नव्हता. "पण धाग्याची रक्ततपासणी बाजारात आणायची. मार्कर अस्सल सोनं आहे, बाई."

"कसलं सोनं? माझ्या भावाचा आकडा उतरत होता आणि भाऊ बुडत होता."

"औषध दिलेल्या माणसात त्यावर विसंबायचं नाही, हे आता कळलं. औषध न घेतलेल्यांत तो रोग अचूक ओळखतो. धागा रोगाची खूण आहे, कारण नाही. धूर पंख्याने घालवला म्हणून आग विझत नाही."

"हे आधी कळलं असतं तर!"

"आधी कळावं म्हणूनच चाचणी असते ना?" प्रमुख सरळपणे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि तेच ताईला जास्त झोंबलं.

ती तडक इस्पितळात गेली. धाकटा यंत्राला जोडलेला, डोळे मिटून पडलेला. भावजय बाहेरच्या बाकावर होती. ताईने बंद पडलेल्या औषधाची सगळी हकिगत सांगितली. काही लपवलं नाही.

"माझं चुकलं," ती शेवटी म्हणाली.

"ते मला तेव्हाच दिसत होतं," भावजय म्हणाली. "पण तुम्ही शिकलेल्या, म्हणून गप्प बसले. माझ्या पोटात यांची किडनी अजून शाबूत आहे, ताई. काय करू मी तिचं?"

ताई शेजारी बसायला गेली, तशी भावजयीने आपली पिशवी उचलून मधल्या जागेवर ठेवली.

धाकट्याने पुढे वर्षही काढलं नाही. तपासणी बाजारात आली आणि चांगली चालली. विभागप्रमुखाची खुर्ची ताईला मिळाली, ती तिने नाकारली नाही. दुसरं काही तिला येतही नव्हतं. भावजयीने मात्र त्यानंतर तिच्यासाठी दार उघडलं नाही.